सगळे नियम पाळून बघितले, तरी मन रिकामंच : पंडिता रमाबाईंना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलेली गोष्ट

रविवारची सकाळ. पिंपरी, चिंचवड, काळेवाडी, देहूरोड या भागातल्या चर्चमध्ये माणसं जमायला लागतात. कुणी भोसरीच्या कंपनीत ऑपरेटर, कुणी चाकणला क्वालिटीत, कुणी नर्स, कुणी रिक्षावाला. कुणाचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, कुणाचं मराठवाड्यात, तर कुणी थेट केरळ-तमिळनाडूतून पोटासाठी इथं आलेला.

उपासना सुरू होते आणि बऱ्याच चर्चमध्ये सुरुवातीलाच सगळे मिळून पापाची कबुली देतात. देवा, आमचं चुकलंय, क्षमा कर, असा त्या प्रार्थनेचा अर्थ. पुढच्या रविवारी पुन्हा तीच कबुली. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच.

बाहेरून बघणाऱ्याला साधा प्रश्न पडतो. दर आठवड्याला चुकलं म्हणायचंच असेल तर मग सुधारणा कधी होणार? आणि देवाचे नियम माणसाला पूर्ण पाळता येतच नसतील, तर देवानं ते दिलेच कशाला?

हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. पण मराठी मुलखात तो एका बाईनं स्वतःच्या आयुष्यात अक्षरशः जगून बघितला. चाकणहून शिक्रापूर, न्हावरा, चौफुला करत गेलं की केडगाव लागतं. पुण्याहून रेल्वेनं गेलं तर दौंडच्या अलीकडचं स्टेशन. तिथं या बाईचं काम आजही चालू आहे.

तिचं नाव पंडिता रमाबाई.

सगळं शास्त्राप्रमाणे करणारं घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलात त्यांच्या वडिलांनी आश्रम थाटला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी ते आपल्या गुरूंबरोबर पुण्याला पेशव्यांच्या वाड्यावर जायचे. तिथं पेशव्यांच्या पत्नी संस्कृत शिकताना त्यांनी बघितल्या आणि बाईलाही हे शिकता येतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली.

पुढं त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. लोकांनी विरोध केला. धर्मपीठापुढं जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी ग्रंथांचे दाखले काढले आणि आपण काही शास्त्राविरुद्ध वागलो नाही हे मांडून दाखवलं. मग याच लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीला, रमाला, पहाटे उठवून संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक या पोरीला तोंडपाठ झाले.

म्हणजे एका बाबतीत हे घर बंडखोर होतं. बाकी सगळ्यात मात्र कट्टर.

रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. गावोगावच्या देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं, तीर्थात स्नान करायचं, उपास करायचे, दानधर्म करायचा. जे जे पुण्याचं म्हणून सांगितलंय, ते ते सगळं करायचं. वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, भांडी गेली, दागिने गेले. शास्त्र जाणणाऱ्या या माणसांना मजुरी कधी माहीत नव्हती आणि भीक मागवत नव्हती. देव पावेल म्हणून त्यांनी उरलासुरला पैसाही पूजाअर्चेत आणि दानात घातला. पानं, रानातली कंदमुळं खाऊन दिवस काढले. एक वेळ अशी आली की तीर्थात जलसमाधी घ्यायचा विचार झाला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी पडेल ते काम करतो. पण तोवर उशीर झाला होता. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईच्या अंत्यविधीला खांदे कमी पडले म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा दिला.

रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. आपण नियमात कुठं कमी पडलो, हा प्रश्न त्यांच्या मनात इथंच पेरला गेला.

जिथं बाईला जागाच नव्हती

बहीण-भाऊ दोघंच उरले. पायी हजारो मैल फिरत, पुराणं सांगत, उपाशीतापाशी ते उत्तरेत गेले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले.

तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मराठी मुलीची परीक्षा घेतली आणि चकित झाले. तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. एका रात्रीत रमाबाईंचं नाव देशभर झालं.

आता गंमत बघा. पंडितांनी त्यांना सांगितलं की तुम्ही बायकांपुढं स्त्रीधर्मावर व्याख्यानं द्या. त्यासाठी रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईनं वाचायला लागल्या. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेद वाचायचा सल्ला दिला, तेही त्यांनी वाचले.

वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की या ग्रंथांचं आपसात पुष्कळ गोष्टींवर जमत नाही, पण बाई आणि शूद्र यांच्याबद्दल मात्र बरंच जमतं. त्यांच्या वाचनातून त्यांना दिसलं ते असं की बाई म्हणून मोक्षाची वाट जवळपास बंद. नवऱ्याची सेवा करायची, पुढचा जन्म चांगला मिळेल याची वाट बघायची. म्हणजे सगळे नियम पाळले तरी या जन्मात दार उघडणार नाही.

वडिलांनी दार उघडायचा प्रयत्न नियमातून केला होता. लेकीला दिसलं की आपल्याला त्या दारापर्यंतही जायची मुभा नाही.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी जात-प्रांत दोन्ही ओलांडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आसामात सिलचरला संसार मांडला. नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांनी ती वाचली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीनं गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

चोविसाव्या वर्षी, विधवा, कडेवर वर्षाच्या आतलं लेकरू.

पुणे, लंडन आणि फुलहॅममधलं घर

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज सुरू केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं आणि सरकारच्या हंटर आयोगापुढं साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. हे सगळं एका वर्षात. डॉक्टरीच शिकावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज या गावी अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहिल्या. कानाला कमी ऐकू यायला लागल्यानं डॉक्टरीचं पुढं राहून गेलं.

त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली ती लंडनच्या फुलहॅम भागात.

सिस्टर्सनी तिथं एक आश्रयगृह चालवलं होतं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायका तिथं राहायच्या. रमाबाईंनी बघितलं की या बायकांना कुणी हिणवत नाही. उलट त्यातल्या काही जणी आता दुसऱ्यांची सेवा करतायत. त्यांना धक्काच बसला. शास्त्र वाचलेल्या रमाबाईंना अशा बाईला काय शिक्षा सांगितलीय ते माहीत होतं. अशा बाईला घर देतात हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

हे का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग सांगण्यात आला. पाच नवरे झालेली एक शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडं पाणी मागतो, तिच्याशी धर्माबद्दल बोलतो. रमाबाईंना हा प्रसंग फार लागला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडं महाराष्ट्रात गदारोळ उठला. वर्तमानपत्रांनी झोडपलं. त्या गर्दीत एक माणूस त्यांच्या बाजूनं उभा राहिला, जोतीराव फुले. त्यांनी १८८५ मध्ये सत्सार या नियतकालिकात रमाबाईंची बाजू मांडली.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण नाही संपली.

बाप्तिस्मा झाला, तरी अडलं कुठं?

रमाबाई कुणाच्याही पटकन हाताखाली येणाऱ्या नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर्सशी त्यांचे त्रैक्याच्या सिद्धांतापासून गळ्यातल्या क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांपर्यंत वाद झाले. एका धर्माधिकाऱ्यांचं जोखड टाकून दुसऱ्यांचं घ्यायला आपण आलो नाही, असा त्यांचा सूर होता.

तिथून त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदानाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या अवस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, बोस्टनला मदत मंडळ उभं राहिलं आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

बाहेरून बघाल तर यश. नाव आहे, संस्था आहे, पैसा येतोय, विधवा मुली शिकतायत. याच सदनातल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

पण आतून रमाबाई अस्वस्थ होत्या. आपण ख्रिस्ती झालो ते ख्रिस्ती शिकवण बुद्धीला पटली म्हणून, हे त्यांना दिसत होतं. चांगली तत्त्वं स्वीकारली की हळूहळू माणूस चांगला होईल, असा त्यांचा हिशोब होता. वर्षं गेली, पण आपण काही चांगल्या झालो नाही, राग आहे तसा आहे, अहंकार आहे तसा आहे, मनाला शांती नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

नीट बघितलं तर हा वडिलांचाच मार्ग होता. यादी बदलली होती इतकंच. आधी व्रतं, तीर्थं, दानं होती. आता प्रार्थना, सेवा, नीतीची तत्त्वं होती. करत राहा, गुण साठवत राहा, एक दिवस पास व्हाल.

१८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्यांचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हे गृहस्थ अनेक वर्षं पाद्री होते, चर्च बांधत होते, प्रवचनं देत होते आणि एका रविवारी स्वतःचंच प्रवचन देता देता त्यांना उमजलं की आपण दुसऱ्याला सांगतोय ते आपल्याला मिळालेलंच नाही.

रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांनी पुढं आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

देवाचे नियम आणि चाकणचा गेज

त्यांना नक्की काय उमजलं, हे समजून घ्यायचं तर ख्रिस्ती शिकवण थोडी बघावी लागेल.

बायबलच्या जुन्या करारात मोशेच्या हातून आलेल्या दहा आज्ञा आहेत. खून करू नको, चोरी करू नको, आईबापांचा मान राख. इथवर माणूस म्हणेल, जमतंय की. पण दहावी आज्ञा म्हणते, शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको. ही थेट मनात शिरते. कंपनीत सोबत लागलेला पोरगा आपल्या आधी परमनंट झाला आणि आपल्या पोटात दुखलं, की दहावी आज्ञा मोडली.

पुढं येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात पट्टी आणखी वर नेली. खून केला नाही, पण भावावर मनात राग धरला तरी हिशोब द्यावा लागेल. व्यभिचार केला नाही, पण नजर वाईट असली तरी गुन्हा झाला. याकोबाच्या पत्रात तर असं म्हटलंय की सगळे नियम पाळून एक मोडला तरी माणूस सगळ्याचाच दोषी ठरतो. आणि पौलासारखा नियमात वाढलेला माणूस रोमकरांच्या पत्रात कबूल करतो की चांगलं करायची इच्छा असूनही आपल्या हातून वाईटच घडतं.

म्हणजे पेपर असा काढलाय की कुणीच पास होणार नाही. मग हा पेपर कशाला?

चाकणच्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये याचं उत्तर मिळेल. तिथं गो-नो-गो गेज असतो. जॉब मशिनवरून निघाला की ऑपरेटर भोकात गेज घालून बघतो. गेज सांगतो, जॉब मापात आहे की नाही. पण गेज कितीही वेळा घातला तरी बिघडलेला जॉब नीट होत नाही. ते गेजचं कामच नाही. आणि गेज नसेल तर जॉब बिघडलाय हेही कळणार नाही.

ख्रिस्ती शिकवणीत नियमशास्त्राचं पहिलं काम हेच. माणूस कुठं चुकलाय ते ते दाखवतं. दुरुस्त करायची ताकद त्याच्यात नाही. ती देवाकडून फुकट येते, तिला कृपा म्हणतात. हे नियम पुरते पाळणारा एकच झाला, येशू, आणि त्यानं बाकीच्यांची शिक्षा क्रूसावर स्वतःच्या अंगावर घेतली, अशी ही श्रद्धा आहे. माणसानं कमाई दाखवायची नाही, रिकामा हात पुढं करायचा.

मग मोकाट वागावं का? हा प्रश्न पौलाच्या काळातही लोकांनी विचारला होता आणि त्यानं साफ नाही म्हणून सांगितलं. नियम पाळायचेच, पण पास होण्यासाठी नाही. कर्ज माफ झालेला माणूस जसा आनंदानं वागतो तसं.

इथं पंथापंथात फरक आहेत. कृपेच्या मदतीनं माणूस खरोखर पवित्र होत जातो, यावर कॅथलिक जास्त भर देतात. मार्टिन ल्यूथरच्या मते विश्वास ठेवणारा माणूस एकाच वेळी निर्दोषही असतो आणि पापीही. मेथॉडिस्टांचे जॉन वेस्ली म्हणत की याच आयुष्यात माणसाचं मन प्रेमानं पूर्ण भरू शकतं. आणि ज्यांच्याकडून हे नियमशास्त्र आलं, ते ज्यू लोक त्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. त्यांच्या लेखी नियम ही देवानं दिलेली देणगी आहे आणि चुकलं तर पश्चात्ताप करून परत फिरायची वाट कायम मोकळी आहे. पण निव्वळ स्वतःच्या जोरावर कुणी देवापुढं पास होत नाही, यावर ख्रिस्ती पंथ एकत्र येतात.

रमाबाईंना १८९१ मध्ये हेच उमजलं. त्यांच्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. कुणीच पास होत नसेल तर पंडित आणि अडाणी, ब्राह्मण आणि शूद्र, पुरुष आणि बाई सगळे एकाच रांगेत. पुढचा जन्म ब्राह्मण पुरुषाचा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. कलकत्त्याला जे दार त्यांना बंद दिसलं होतं, त्याला इथं कुलूपच नव्हतं.

शारदा सदन फुटलं

या बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं सांगून सुरू झालं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. आता रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या.

१८९३ मध्ये हे प्रकरण पेटलं. टिळकांच्या केसरीनं सडकून टीका केली. सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

टीका करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ज्या मुलीला दुसरा आसरा नाही, तिच्यापुढं आसरा देणारी बाई रोज प्रार्थना करते तेव्हा त्या मुलीची निवड कितपत मोकळी राहते? हा प्रश्न तेव्हाही रास्त होता. रमाबाईंचं म्हणणं असं की आपण कुणावर जबरदस्ती केली नाही आणि आपला विश्वास लपवायला दार लावून घेणार नाही. दोन्ही बाजू आजही अभ्यासक मांडतात.

केडगावचं दार

पुणे-लोणावळा लोकलनं रोज जाणाऱ्यांना हे माहीत नसेल, पण रमाबाईंच्या पुढच्या कामाची सुरुवात याच मार्गावरच्या लोणावळ्यात झाली. तिथं ख्रिस्ती लोकांचा मेळावा भरायचा. रमाबाईंच्या पंधरा मुलींनी तोवर हा विश्वास स्वीकारला होता. एका पहाटे रानात प्रार्थना करताना त्यांनी पंधराचा वर्ग मागितला, म्हणजे २२५ मुली. तेवढ्यांना ठेवायला जागा नव्हती आणि पैसेही नव्हते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. दुष्काळात आईबाप गमावलेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. प्लेगच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांचे हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं आणि तो विषय इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेला. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या इंग्रज सरकारच्या मिंध्या नव्हत्या.

केडगावच्या वस्तीचं नाव ठेवलं मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता इथं त्यांच्या १८९१ च्या अनुभवाचा खरा कस लागला. आलेल्या मुली काही पुस्तकातल्या गरीब-गुणी मुली नव्हत्या. भुकेनं जनावरासारख्या झालेल्या, चोऱ्या करणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, रोगानं सडलेल्या, बाजारात विकल्या गेलेल्या. शारदा सदन सुरू झालं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. मुक्तीत जातीची अट राहिली नाही, चारित्र्याची राहिली नाही. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन नावाचा वेगळा विभागच निघाला. फुलहॅममध्ये बघितलेलं घर असं दौंड तालुक्यात उभं राहिलं. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. छापखाना, विणकाम, तेलघाणा, दूध, शेती, सगळं बायका चालवत होत्या.

आत घेताना दाखला मागायचा नाही, ही मुक्तीची रीत होती. जो स्वतःच नापास झालाय तो दुसऱ्याचा निकाल काय बघणार?

याचा अर्थ तिथं शिस्त नव्हती असं नाही. उलट घंटेवर उठणं, घंटेवर जेवणं, कामाच्या पाळ्या, प्रार्थना असं कडक वेळापत्रक होतं. दोन हजार माणसांचं घर त्याशिवाय चालणारही नाही. पण शिस्त होती ती आत आल्यावर, दारावर नव्हती.

१९०५ : रडणारं केडगाव

१९०४ मध्ये वेल्सच्या खाणकामगारांत मोठं धार्मिक जागरण झालं. ती बातमी केडगावला पोचली. १९०५ च्या सुरुवातीपासून मुली रोज जमून प्रार्थना करायला लागल्या आणि जूनच्या अखेरीस एकदम बांध फुटला. मुली ढसाढसा रडत आपल्या चुका कबूल करायला लागल्या. वर्गात शिकवणं थांबलं, शिवणकाम थांबलं. आसपासच्या मिशनांतून लोक बघायला येऊ लागले.

या प्रकाराकडं लोकांनी दोन प्रकारे बघितलं. काहींना ते पवित्र आत्म्याचं काम वाटलं, काहींना भावनेचा पूर. रमाबाईंनी त्याला अडवलं नाही. आपलं चुकलं हे मोठ्यानं म्हणता येणं हीच सुटकेची पहिली पायरी, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. आणि ज्या मुलींना आजवर पापी म्हणून दुसऱ्यांनीच शिक्के मारले होते, त्या आता आपल्या तोंडानं स्वतःचा हिशोब मांडत होत्या आणि क्षमा मिळाली म्हणून हसत होत्या.

इंद्रायणीकाठी हे नवं नाही

हे सगळं फार परकं वाटत असेल तर थोडं जवळ बघा. चाकणच्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर इंद्रायणीकाठी देहू आहे. तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतःला किती ठिकाणी पापी, पतित म्हणून घेतलंय आणि विठ्ठलाला पतितपावन म्हणून हाक मारलीय. आपल्या साधनेच्या बळावर तरलो, असं ते म्हणत नाहीत. रमाबाईंच्याच काळातले कवी नारायण वामन टिळक म्हणूनच सांगायचे की आपण ख्रिस्ताकडं आलो ते तुकोबांच्या पुलावरून.

दोन्ही वाटा एक आहेत असं नाही. ख्रिस्ती माणसासाठी सगळं येशूच्या क्रूसावर येऊन थांबतं, वारकऱ्यासाठी विठ्ठलाच्या चरणाशी. पण आपलं पुण्य पुरत नाही, ही कबुली मराठी माणसाला नवी नाही.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. मराठीत बायबल होतं, पण त्याची भाषा त्यांना जड वाटायची. मुक्तीतल्या बायकांना, खेड्यातल्या माणसाला कळेल असं बायबल हवं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि भाषांतराला बसल्या. जुळारी बायका, छापणाऱ्या बायका, बांधणी करणाऱ्या बायका.

१९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक, सगळे गेले. भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईंनी केडगावला प्राण सोडला, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

ज्या बाईला विशीत सांगण्यात आलं होतं की शास्त्र तुझ्यासाठी नाही, तिनं साठीत एक अख्खं शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणलं. त्यात नियमशास्त्राची सगळी पानं आहेत, एकही आज्ञा गाळलेली नाही. ती पाळताना माणूस कमी पडतो, हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. पुढं कृपेचीही पानं आहेत, हेही माहीत होतं.

केडगावला पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही चालू आहे.